दस्तुरी नाका ते बाजारपेठ: माथेरानच्या ई-रिक्षेचं प्रकरण आणि पाहुण्याची खरी पसंती

(स्थानिक व्यक्ती, हॉटेलं आणि संघटना यांची नावं मुद्दाम गाळली आहेत.)

पार्श्वभूमी

माथेरानला जाणाऱ्या गाडीचा प्रवास दस्तुरी नाक्यावर संपतो. नेरळहून घाट चढून आलेली शेअर टॅक्सी असो की पुण्या-मुंबईची खासगी गाडी, सगळ्यांना इथंच उतरावं लागतं. पुढे बाजारपेठेपर्यंत अडीच-तीन किलोमीटरचा, झाडीतून जाणारा, लाल मातीचा चढउताराचा रस्ता. त्यावर रुग्णवाहिका आणि अग्निशमनाचं वाहन सोडलं तर मोटार चालत नाही. ही बंदी तशी जुनी. ४ फेब्रुवारी २००३ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरलं आणि बंदीला कायद्याचं बळ आलं.

त्या अडीच-तीन किलोमीटरांसाठी पाहुण्याकडे वर्षानुवर्षं चारच मार्ग होते: पायी, घोड्यावर, हातरिक्षेत, किंवा नाक्याजवळच्या अमन लॉज स्थानकातून सुटणाऱ्या मिनी ट्रेनच्या शटलनं. सामानासाठी हमाल. परवानाधारक हातरिक्षा ९४ आणि प्रवासी घोडे ४६०, हे आकडे या प्रकरणात पुन्हा पुन्हा येतात, कारण प्रत्येक आकड्यामागे एक घर आहे.

मिनी ट्रेन १९०७ पासून धावते आहे, पण तिच्या भरवशावर नियोजन करणं अवघड. ऑगस्ट २०१९ च्या पावसात नेरळ ते अमन लॉज हा मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला आणि ऑक्टोबर २०२२ पर्यंत बंद राहिला. एरवीही पावसाळ्याचे चार महिने त्या भागातली गाडी बंदच असते, फक्त वरची शटल चालते. म्हणजे जवळपास सगळा लोंढा रस्त्यानं येतो आणि दस्तुरीला अडतो.

अडचण

अडचण एक नव्हती, तीन होत्या, आणि त्या एकमेकींत गुंतल्या होत्या.

पहिली हातरिक्षेची. माणसानं माणसाला ओढायचं, चढावर मागून आणखी एकदोघांनी रेटायचं, हे काम प्रतिष्ठेचं नाही हे ओढणारेही सांगत होते. मागणी त्यांच्यातूनच आली होती. दुसरी गावकऱ्यांची. २०११ च्या जनगणनेनुसार माथेरानची वस्ती साडेचार हजाराच्या आत. शाळेची मुलं रोज दप्तर पाठीला लावून ही वाट तुडवत. म्हातारी माणसं दवाखान्यासाठी खाली जायचं म्हटलं की दहादा विचार करत.

तिसरी पाहुण्यांची, आणि इथं आपल्याला तीच बघायची आहे. मोटार नसणं हेच माथेरानचं आकर्षण. पण मोटार नसल्यामुळेच आजी-आजोबांना घेऊन येणारं कुटुंब माथेरानचं नाव टाळून दुसरीकडे वळतं. विजेवरचं वाहन या दोन्हीचं उत्तर ठरेल असं कागदावर दिसत होतं. धूर नाही, आवाज नाही, दमछाक नाही. प्रत्यक्षात एक गोष्ट लक्षात यायला वेळ लागला: ज्या पाहुण्याला दस्तुरीला ई-रिक्षा हवीशी वाटते, त्याच पाहुण्याला दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघाल्यावर ती नकोशी वाटते.

पाहुणा कशावरून ठरवतो

शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराचं दस्तुरी घ्या. टॅक्सीतून पाचजण उतरतात: नवरा-बायको, सहा-सात वर्षांचा मुलगा, आजी आणि आत्या. दोन ट्रॉली बॅगा, एक खाऊची पिशवी, एक पाण्याचा कॅन. पहिल्या दहा पावलांतच ट्रॉलीचं चाक जांभ्याच्या खड्यात अडकतं. मुलाला घोडा हवा असतो. आजी घोड्याकडे बघायलाही तयार नसते. नवरा भाव विचारत फिरतो. निर्णय या पाच मिनिटांत होतो, आणि त्यात ‘पर्यावरण’ हा शब्द एकदाही निघत नाही.

सामान. पसंतीतला सर्वांत जड घटक हाच, शब्दशः. ई-रिक्षा या वर्गासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत चालक सोडून चार प्रवासी आणि एकूण ४० किलो सामान अशी मर्यादा आहे. वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत. दोन रात्रींसाठी आलेल्या चौघांच्या दोन ट्रॉली बॅगा १२ ते १५ किलोंच्या धरल्या आणि त्यात खाऊ-पाणी, पाठीवरची सॅक मिळवली, की ४० किलो सहज ओलांडतात. वजनापेक्षा जागा आधी संपते. मग चौथ्या प्रवाशाच्या जागी बॅग बसते आणि गाडी तिघांची होते. आसनांच्या हिशेबानं आखलेली सेवा इथंच पाव हिश्श्यानं कमी पडते, आणि हा पाव हिस्सा कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

वाट बघणं. वीस मिनिटं थांबायला माणसं कुरकुरत का होईना, तयार असतात. किती थांबायचं हेच कळत नसेल तर ती थांबत नाहीत. रांगेत नंबर हातात असणारा प्रवासी आणि नुसताच उभा असलेला प्रवासी यांचं वागणं वेगळं असतं. दुसऱ्याच्या खांद्याशी लगेच कुणीतरी येऊन म्हणतं, ‘रिक्षा आता दोन तास नाही, चला घोडा देतो.’ ते खरं की खोटं हे पडताळायचं साधन त्याच्याकडे नसतं.

भाडं. प्रायोगिक टप्प्यात पर्यटकाला माणशी ३५ रुपये आणि विद्यार्थ्याला ५ रुपये असा दर होता. विद्यार्थ्यांचा दर योग्यच. पर्यटकाच्या ३५ रुपयांमुळे मात्र एक गोष्ट झाकली गेली. ज्या वाटेवर घोड्याला शेकड्यांत मोजावे लागतात, तिथं ३५ रुपयाला नाही म्हणणारा कोण? गरज असलेली आजी आणि सहज चालू शकणारा पंचविशीतला पोरगा एकाच रांगेत उभे राहिले. भाड्यात न घेतलेली किंमत रांगेत वसूल झाली, आणि ती सर्वांत जास्त मोजली ती उभं राहता न येणाऱ्यानं. अशा दरावर किती लोक चढले यावरून पसंती मोजता येत नाही. फक्त गाड्या किती कमी आहेत तेवढं कळतं.

संकोच. हातरिक्षेत बसायला नको वाटणारे पाहुणे पूर्वीही बरेच होते. गुडघे दुखत असूनही ‘माणसानं ओढायचं आणि आपण बसायचं?’ म्हणत चालत जाणारे. यांची पसंती ई-रिक्षेला सर्वांत पक्की असते, कारण तिथं सोयीबरोबर मनावरचं ओझंही उतरतं. घोड्याला भिणारे, पाठीचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालेले, गरोदर बायका आणि तान्ही मुलं घेऊन आलेले हे त्यांच्या जोडीला. यांना दुसरा पर्याय शटल ट्रेनचा; तिची वेळ जुळली तर अनेकांना तीच अधिक आवडते, कारण ट्रेनमध्ये बसणं हा सहलीचाच भाग वाटतो. ई-रिक्षेबद्दल असं कुणाला वाटत नाही. ती फक्त पोचवते.

मुक्कामी आणि एक दिवसाचे. सकाळी येऊन संध्याकाळी उतरणाऱ्यांकडे सामान नसतं, उत्साह असतो. ते येताना चालतात आणि जाताना बसतात. मुक्कामी कुटुंब येताना बसतं. जाताना सामान हमालाकडे देऊन निम्मे लोक चालतही जातात. त्यामुळे सकाळी नऊ ते बारा वरच्या दिशेला आणि दुपारी तीननंतर खालच्या दिशेला गर्दी असते. उलट फेरी बऱ्याचदा रिकामी. दिवसाची एकूण प्रवासी संख्या बघून वेळापत्रक केलं तर दोन्ही वेळा फसगत होते.

आणि शांतता. हा घटक दस्तुरीला दिसत नाही, मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी दिसतो. शार्लोट लेककडे किंवा इको पॉइंटकडे चालत निघालेल्या पाहुण्याला मागून आलेलं कुठलंही वाहन, विजेवरचं असलं तरी, खटकतं. आवाज नसल्यामुळे ते जवळ येईपर्यंत कळत नाही, म्हणून जास्तच. स्वित्झर्लंडच्या झेरमॅटमध्ये पेट्रोल-डिझेलच्या गाड्या नाहीत. पाहुण्यांनी गाडी अलीकडच्या टेशला ठेवायची आणि शटल ट्रेननं वर यायचं. पण गावात विजेवरच्या टॅक्सी आणि मालवाहू गाड्या इतक्या झाल्या आहेत की अरुंद गल्लीत पादचाऱ्याला अंग चोरून उभं राहावं लागतं. ‘मोटारमुक्त’ म्हणून आलेल्या माणसाला तिथं जे वाटतं, तेच माथेरानला वाटणार होतं, जर ई-रिक्षा पॉइंटपर्यंत गेली तर.

म्हणून पसंती विचारायची ती एकदा विचारून भागत नाही. दस्तुरीला चढताना विचारलं तर उत्तर ‘हो, आणखी गाड्या हव्यात’. मुक्काम संपवून परत जाताना विचारलं तर उत्तरात अट येते: ‘हव्यात, पण इथपर्यंतच.’

समोर असलेले पर्याय

आहे तसं ठेवणं हा पर्याय हातरिक्षेच्या प्रश्नामुळे बाद होता. शटल ट्रेनच्या फेऱ्या वाढवणं पाहुण्यांच्या आवडीचं. पण रेल्वेचं वेळापत्रक, इंजिनं आणि डबे नगरपरिषदेच्या हातात नाहीत, आणि ट्रेन शाळेच्या दारात थांबत नाही. मोठ्या विद्युत बसेस एका फेरीत वीस-पंचवीस जणांना नेतात. मात्र त्यांना लागणारी रस्त्याची रुंदी, वळणांचा घेर आणि भक्कम पाया माथेरानच्या रस्त्यात आणायचा म्हणजे झाडं आणि माती दोन्हींवर घाव. तो विचार मागे पडला ते बरंच झालं.

राहिली ई-रिक्षा. तिच्यात खरा वाद मालकीचा: नगरपरिषदेनं किंवा ठेकेदारानं चालवायची, की हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच द्यायची? पहिल्यात सेवेवर नियंत्रण राहतं, वेळापत्रक पाळून घेता येतं. दुसऱ्यात रोजगाराचा प्रश्न सुटतो, मात्र प्रत्येक चालक स्वतःचा मालक असल्यामुळे सकाळी सहाची रिकामी फेरी कुणी मारायची हा प्रश्न उभा राहतो. पाहुण्याला मालकीशी देणंघेणं नसतं, फक्त गाडी वेळेवर हवी असते. पण गाडी वेळेवर येणार की नाही हे मालकीवरच ठरतं, त्यामुळे हा निर्णय पाहुण्याच्या पसंतीबाहेरचा म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

प्रत्यक्षात काय केलं गेलं

१२ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ई-रिक्षेचा प्रायोगिक प्रकल्प राबवायला परवानगी दिली. ५ डिसेंबर २०२२ ला सात ई-रिक्षा दस्तुरी ते बाजारपेठ या मार्गावर सुरू झाल्या, मुदत तीन महिने. विद्यार्थ्यांना प्राधान्य, उरलेल्या वेळात रहिवासी आणि पर्यटक. घोडेवाल्यांचा विरोध पहिल्या दिवसापासून होता. रस्त्याला मातीचे पेव्हर ब्लॉक बसवण्याचा मुद्दा वेगळा आणि तितकाच तापलेला: ब्लॉकवर घोड्याचे पाय घसरतात, एक पक्का रस्ता झाला की पाठोपाठ मोटारी येतील, हे आक्षेप न्यायालयापुढे गेले.

जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयानं ई-रिक्षांची संख्या तूर्त २० पर्यंत मर्यादित ठेवली आणि त्या रोजगार गमावणाऱ्या हातरिक्षा चालकांनाच द्यायला सांगितलं. वाटप झालं तेव्हा ‘खऱ्या ओढणाऱ्यांना मिळाल्या नाहीत’ अशी तक्रार झाली आणि प्रकरण पुन्हा न्यायालयात गेलं.

मार्च २०२५ मध्ये माथेरान बंद पुकारण्यात आला. कारण वाहनांचं नव्हतं, माहितीचं होतं: दस्तुरीला उतरणाऱ्या पर्यटकांना रिक्षा नाही, ट्रेन नाही असं खोटं सांगून जादा पैसे उकळले जातात, ही स्थानिकांचीच तक्रार. गावानं स्वतःचा धंदा बंद ठेवून पाहुण्यांच्या बाजूनं उभं राहावं, असं पर्यटनस्थळी क्वचित घडतं.

६ ऑगस्ट २०२५ ला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठानं सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करून ई-रिक्षांकडे वळण्याचा आदेश दिला. गुजरातमधल्या केवडियात स्थानिक महिला भाड्यानं घेतलेल्या ई-रिक्षा चालवतात. त्या धर्तीवर योजना करा, पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असं राज्य सरकारला बजावलं. खरे हातरिक्षा चालक कोण हे ठरवायची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे. आणि रस्त्याबाबत: दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांचा पुतळा इथपर्यंत पेव्हर ब्लॉक चालतील, आतले रस्ते आणि ट्रेकिंगच्या वाटांवर नाहीत.

या शेवटच्या ओळीत पाहुण्याची दुहेरी पसंती जवळजवळ जशीच्या तशी उतरली आहे. न्यायालयापुढे प्रश्न पर्यावरणाचा होता. सामानाच्या वाटेला गाडी आणि फिरण्याच्या वाटेला माती, हे उत्तर मात्र पर्यटनाचंही निघालं.

कुठे अडलं आणि का

*संख्या.* हिशेब साधा आहे. तीन किलोमीटरला सरासरी ताशी १२ किलोमीटर वेग धरा (घोडे, पादचारी, वळणं यांमुळे याहून जास्त मिळत नाही). जायला १५ मिनिटं, उतरवायला-चढवायला ५, परत १५, पुन्हा ५. एक चक्कर ४० मिनिटांची, म्हणजे तासाला दीड फेरी. सातपैकी एक गाडी चार्जिंगला किंवा दुरुस्तीला धरली तर सहा गाड्यांच्या तासाला नऊ फेऱ्या: कागदावर ३६ प्रवासी, सामानासह २७. वीसपैकी सतरा धावल्या तर पंचवीस फेऱ्या, म्हणजे १०० किंवा ७५. आता सुट्टीच्या सकाळी दर दोन मिनिटांना पाचजणांची एक गाडी दस्तुरीला लागते असं धरून बघा: तासाला १५० माणसं. वीस गाड्याही निम्म्याच लोकांना पुरतात. ‘सगळ्यांना ई-रिक्षा’ हे आश्वासन या रस्त्यावर कधीच पुरं होणारं नव्हतं. म्हणून कुणाला आधी, हा निर्णय सुरुवातीलाच आणि उघडपणे घ्यायला हवा होता.

*बॅटरी.* दिवसाला दहा चकरा म्हणजे ६० किलोमीटर. सपाट डांबरी रस्त्यावर ई-रिक्षेला किलोमीटरला पाच-सहा शतांश युनिट पुरतात. इथं चढ आणि माती धरून सात-आठ धरावेत. म्हणजे दिवसाला सव्वाचार ते पावणेपाच युनिट. बाजारात सर्रास मिळणाऱ्या ई-रिक्षेत १२ व्होल्टच्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्या असतात. १०० ॲम्पिअर-अवरच्या धरल्या तर कागदावर ४.८ युनिट. पण त्या रोज निम्म्याखाली उतरवल्या तर वर्षभरातच बसतात. खरी वापरता येणारी वीज अडीच युनिटच्या आसपास, आणि गाडी दुपारीच लटकते. परत भरायला आठ-दहा तास. इथं ४८ व्होल्टची, सात युनिटच्या घरातली लिथियम बॅटरीच हवी. दुपारी बारा ते तीन या मंदीच्या वेळात तासभर चार्जरला लावली की संध्याकाळचा उताराचा लोंढा निघतो. किमतीतला फरक बघून स्वस्त गाडी घेणारा चालक सहा महिन्यांत पस्तावतो.

*रस्ता आणि यंत्र.* लाल माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते आणि पावसात साबणासारखी होते. धूळ ब्रेकच्या ड्रममध्ये शिरते, लायनर खाते. उतारावर भरलेली गाडी थांबवताना ते कळतं. लहान चाकं मुळांच्या आणि दगडांच्या उंचवट्यावर आपटतात, पुढचा फोर्क आणि शॉकअब्सॉर्बर आधी जातात. तीन चाकांची गाडी आडव्या उतारावर कलते. छपरावर बॅग बांधली तर अधिक. धुक्यात-पावसात जोडण्यांवर हिरवा गंज चढतो आणि गाडी कारण नसताना बंद पडते. पावसाळ्यात दर आठवड्याला जोडण्या उघडून पुसणं आणि ब्रेक ड्रम साफ करणं ही चैन नाही. केवडियाचे रस्ते रुंद, सपाट, नव्यानं बांधलेले आहेत. तिथली योजना आणता येते, तिथला देखभाल खर्च गृहीत धरता येत नाही.

*घोडे.* आवाज न करता मागून येणाऱ्या गाडीनं घोडा बिथरतो. हॉर्न वाजवला तर जास्त बिथरतो. दुरून ऐकू येणारी मंद घंटा आणि घोडा दिसताच पायी चालण्याच्या वेगावर येणं, एवढं तरी चालकांच्या प्रशिक्षणात असायलाच हवं.

परिणाम

हातरिक्षा बंद व्हाव्यात हे न्यायालयीन पातळीवर ठरलं. शाळेच्या मुलांना आणि वयस्कर रहिवाशांना मिळालेली सोय निर्विवाद आहे. पाहुण्यांच्या बाजूनं बघितलं तर गुडघेदुखी, तान्ही मुलं आणि घोड्याची भीती असलेल्यांना माथेरान पुन्हा आवाक्यात आलं. पण ई-रिक्षा आहे असं ऐकून आलेला आणि रांग बघून वैतागलेला, असा नवा पाहुणाही तयार झाला. पूर्वी त्याची अपेक्षाच नव्हती, म्हणून तक्रारही नव्हती.

घोडेवाल्यांचं नुकसान दस्तुरी-बाजारपेठ या टप्प्यापुरतं आहे, तरी भीती सगळा धंदा जाण्याची होती. पाहुण्याला सामानासकट पोचायला घोडा नको असतो. पॉइंट बघायला, पोराची हौस पुरवायला घोडाच हवा असतो, आणि ते काम ई-रिक्षा करूच शकत नाही. या दोन मागण्या वेगळ्या आहेत हे वाटाघाटींत लवकर मांडलं गेलं असतं तर विरोधाची धार बोथट झाली असती असं आमचं मत. घोडेवाल्यांना ते पटलंच असतं असा दावा नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत आधी सामान माणसापासून वेगळं करायचं. दस्तुरीला बॅगेला हॉटेलच्या नावाचा बिल्ला, ठरलेला दर, पावती. हमालांच्या हातगाडीवरून बॅग थेट खोलीपर्यंत. यानं गाडीची चौथी जागा मोकळी होते. तीनवरून चार म्हणजे एकही नवी गाडी न घेता एक तृतीयांश क्षमता वाढते. हमालांचं काम टिकतं. आणि सामान नसलं की निम्मे पाहुणे आपणहून चालतात, कारण ती वाट खरोखरच सुंदर आहे.

दुसरं, दर एकच ठेवायचा नव्हता. रहिवासी आणि विद्यार्थी यांचा दर हलवायचा नाही. ज्येष्ठ, अपंग, तान्ही मुलं असलेले यांच्यासाठी प्रत्येक गाडीत दोन जागा राखीव, दर तोच. उरलेल्या जागा वेळेच्या तिकिटावर आणि सुट्टीच्या दिवशी जास्त दरानं. त्या फरकातून बॅटरी बदलण्याचा निधी. चार-पाच वर्षांनी तो खर्च सगळ्या चालकांवर एकदम कोसळणार आहे आणि त्यासाठी आज कुणी बाजूला पैसे काढत नसतं.

तिसरं, प्रायोगिक तीन महिने डिसेंबर ते मार्च घेतले गेले, म्हणजे कोरड्या हंगामात. रस्ता, ब्रेक आणि जोडण्या यांची परीक्षा जुलैत होते. निदान दोन गाड्या एक पूर्ण पावसाळा चालवून मगच वीस गाड्यांचा नमुना ठरवायला हवा होता.

चौथं, पसंतीची नोंद. चालकाजवळ एक वही पुरते: फेरीची वेळ, किती माणसं, किती बॅगा, किती वेळ थांबले. जोडीला नाक्यावरून परत जाणाऱ्यांना तीन प्रश्न: येताना कशानं आलात, पुन्हा आलात तर कशानं याल, आणि फिरताना वाटेत ई-रिक्षा दिसली तेव्हा कसं वाटलं. तिसरा प्रश्न वगळला की बाकीची दोन उत्तरं दरवर्षी आणखी गाड्या मागत राहतात.

पाचवं, फलक. दस्तुरीला टॅक्सी थांबते तिथंच, उतरताक्षणी नजरेला पडेल असा: पुढची शटल किती वाजता, ई-रिक्षेला सध्या किती मिनिटं थांबावं लागेल, घोड्याचा आणि हमालाचा ठरलेला दर, चालत लागणारा वेळ. मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजीत. मिनिटांचा आकडा खडूनं लिहिला तरी चालतो, दर अर्ध्या तासानं बदलला पाहिजे.

आणि एक गोष्ट अजून कुणाच्याच आराखड्यात नीट बसलेली नाही. ई-रिक्षा पुतळ्यापाशी थांबते. बरीच हॉटेलं त्यापुढे अर्धा-एक किलोमीटर आत आहेत. मातीची वाट, पेव्हर नाही, गाडीला परवानगी नाही आणि नसावी. आजी तिथं उतरते आणि विचारते, ‘आता?’ तिला पुढे न्यायला आजवर हातरिक्षाच होती. तिच्याऐवजी रुंद टायरची चाकाची खुर्ची आणि ती ढकलायला हॉटेलचा माणूस, एवढी सोय आरक्षण घेतानाच विचारून ठेवणारी हॉटेलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.